वरचं नाव

पुनर्रचनेत आमचा बोरजाई मतदारसंघ मोडला, तेव्हा गावाने त्याच्या सगळ्या आमदारांच्या नावांचा दगड चौकात उभारायचं ठरवलं. शेवटचे आमदार दाजीसाहेब जळफळले. पहिले आमदार तुळशीराम गुरुजी कधीच वारले होते, तरी लोक अजून त्यांचंच नाव काढायचे!

"त्या मास्तराखाली माझं नाव चालणार नाही," त्यांनी सरपंच यमुनाबाईंना दरडावलं.

बाईंनी नावं खालून वर कोरून घेतली. गुरुजी तळाला, दाजीसाहेब टोकाला. स्वारी खूश! पण उद्घाटनाला लोकांनी रीतीप्रमाणे दगडाच्या पायथ्याशी फुलं वाहिली आणि गुरुजींचं नाव फुलांनी झाकून गेलं.

"माझ्या नावाला एक फूल नाही?" दाजीसाहेब कडाडले.

यमुनाबाई म्हणाल्या, "साहेब, हात जोडणारा माणूस खाली वाकतो. वर जाऊन बसतो तो कावळा."