भुईला न टेकलेल्या सुऱ्या

एक होता राजा, आणि त्याला होतं एक वेड. धवलराय त्याचं नाव. तसा चांगला होता हो. रागीट नाही, खादाड नाही, थोडा माझ्यासारखा हट्टी. पण कुणाला हत्तींचं वेड असतं, कुणाला दागिन्यांचं, तसं याला सुऱ्या-कट्यारींचं होतं. त्याही साध्यासुध्या चालायच्या नाहीत. जगात दुसरीकडे कुठे नसेल अशीच सुरी हवी!

एक अख्खा महाल त्यानं सुऱ्यांना दिला होता. भिंतीभर खुंट्या आणि खुंटीखुंटीला एकेक सुरी. कुणाची मूठ पोपटाच्या चोचीसारखी, कुणाचं पातं सापासारखं वळणावळणाचं. एक तर एवढीशी होती, मुंगीला भाजी चिरायला द्यावी एवढी. हसू नका रे, मी नाही पाहिली, माझ्या आजीनं सांगितली. राजानं त्यातल्या एकीनंही कधी काकडी कापली नव्हती. नुसतं बघायचं, पुसायचं आणि पुन्हा टांगून ठेवायचं.

राजाला एक लेक होती, पोवळी. रोज दिवेलागणीला बापलेक त्या महालात जायची. राजा तिला खांद्यावर घ्यायचा. मग ती एकेका सुरीवर मखमलीचा तुकडा पांघरायची आणि म्हणायची, "नीज गं बाई." सगळ्या सुऱ्या निजल्या की मग पोवळी निजायची. त्याशिवाय तिला झोप येत नसे.

आता त्या राज्यात एक रीत होती, आपल्याकडे आहे तीच. सुरी कुणाच्या हातात द्यायची नाही. आधी भुईवर ठेवायची, मग दुसऱ्यानं उचलायची. राजाची आई त्याला लहानपणी सांगायची, "बाळा, लोखंडात राग असतो. भुईला टेकवलं की भुई तो पिऊन टाकते." पण राजा मोठा झाला, राजा शहाणा झाला. म्हणायला लागला, "एवढी सुरेख नक्षी, ती का धुळीत ठेवायची?"

मग एकदा काय झालं, निळ्या फेट्याचा एक फिरस्ता दारात आला. त्याच्या झोळीत होता एक बिचवा. पात्याला पाणी आहे असं म्हणतात ना? याच्या पात्यात खरंच पाणी होतं. आत तळं, तळ्यात एक सोनेरी मासा. तो टोकापासून मुठीपर्यंत पोहायचा आणि वळून परत जायचा. राजाचे डोळे तिथेच अडकले.

फिरस्ता म्हणाला, "महाराज, खाली ठेवू की हातात देऊ?"

"हातात दे, हातात!" राजा म्हणाला.

"आणि मोल?"

"सांगशील ते देतो."

"मी घेत नाही," फिरस्ता म्हणाला. "ते आपलं आपण घेतं." आणि गेला निघून.

त्याच दुपारी राजा आपल्या मित्राशी, येसबा प्रधानाशी, सारीपाट खेळायला बसला. वर्षानुवर्षं खेळायचे दोघं. त्या दिवशी एका सोंगटीवरून बिनसलं. येसबा म्हणे पुढे सरकली, राजा म्हणे मागेच होती. एवढंसं कारण, पण येसबा पागोटं उचलून उठला आणि तळ्याकाठच्या आपल्या मळ्यात जाऊन राहिला. राजाला क्षणभर चुटपुट लागली. मग त्यानं माशाकडे पाहिलं आणि तो विसरला.

पुढे आंब्याच्या दिवसांत फिरस्ता पुन्हा आला. या खेपेला आणला जंबिया, वाकड्या पात्याची कट्यार. तो काय करायचा ठाऊक आहे? फुलाचा वास कापायचा! मोगरा कापला की फूल राहायचं फांदीवर आणि वासाची चकती पडायची ताटलीत. ती ताटली उशाशी ठेवली की रात्रभर मोगरा.

"महाराज, खाली ठेवू की हातात देऊ?"

"अरे, धुळीचा वास लागेल त्याला. हातातच दे!"

आणि त्याच दिवशी जेवताना राजाचं आपल्या पाठच्या भावाशी, सावळरायाशी, भांडण झालं. कशावरून? आंबा चोखून खावा की कापून खावा! तुम्ही हसताय, पण मोठ्या माणसांची भांडणं अशीच असतात, बरं का. सावळराय तरातरा गेला तो थेट नदीपलीकडे. जाताना आंबा तेवढा घेऊन गेला.

मग आली तिसरी खेप. राजा राणीसोबत अंगणात उभा होता. त्याच्या हातात पोवळीचा हात होता. फिरस्त्यानं झोळीतून काढली एक सुरी, चंद्रकोरीसारखी बारीक. ती चांदणं कापायची! अंगणात पडलेल्या चांदण्याच्या वड्या पाडायची, खरवसाच्या पाडतो तशा. वडी वाटीत ठेवली की अवसेलासुद्धा उजेड.

फिरस्ता या वेळी जरा थांबला. पोवळीकडे बघून त्यानं हळूच विचारलं, "महाराज, खाली ठेवू का?"

"नको, नको! हातात!" राजा म्हणाला. आणि सुरी घ्यायला त्यानं दोन्ही हात पुढे केले. पोवळीचा हात सुटला.

पोवळीनं वर पाहिलं आणि राणीला विचारलं, "आई, हे काका कोण?"

राणी म्हणाली, "अगं, असं काय करतेस? तुझे आबा ना!"

पोवळीनं निरखून पाहिलं. "असतील," ती म्हणाली, आणि खेळायला गेली.

तेव्हा राजा तिच्यामागे धावला. त्यानं वैद्य आणले, खेळणी आणली, स्वतः घोडा घोडा झाला. पोवळी हसायची, "आभारी आहे काका" म्हणायची. पण खांद्यावर काही येईना. आणि दिवेलागणीला कुणी "नीज गं बाई" म्हणेना. महालातल्या सुऱ्या उघड्याच राहायला लागल्या, आणि राजाचा डोळ्याला डोळा लागेना.

मग एका संध्याकाळी राजा चांदण्याची एक वडी वाटीत घेऊन खिन्न बसला होता. त्या उजेडात त्याला काहीतरी दिसलं. राणीच्या छातीतून एक बारीक दोरा निघाला होता आणि पोवळीच्या छातीत गेला होता. माळ्याकडून एक दोरा त्याच्या गाईकडे गेला होता. स्वयंपाकीणबाईंचा मांजराकडे. सगळं अंगण दोऱ्यांनी भरलेलं, मऊ, लुकलुकणारं. राजानं स्वतःच्या छातीकडे पाहिलं. राणीकडे जाणारा तेवढा दोरा शाबूत होता. बाकी तीन दोरे नुसतेच लोंबत होते. टोकं अशी सफाईनं कापलेली, की राजाला कळलं कशानं कापली.

आणि त्याला आई आठवली. तो रडला. हो, राजेसुद्धा रडतात. मग त्यानं डोळे पुसले आणि म्हणाला, "तेव्हा नाही टेकवली, आता टेकवीन."

पहाटे उठून तो अनवाणी निघाला. आधी गेला येसबाच्या मळ्यात. बिचवा चिखलात ठेवला, मूठ येसबाकडे, टोक आपल्याकडे. म्हणाला, "सोंगटी पुढेच सरकली होती, येसबा." येसबानं बिचवा उचलला आणि तळ्यात बुडवला. मासा पात्यातून सुळकन निघाला आणि गेला पोहत. दोघं कितीतरी वेळ त्याच्याकडे बघत बसले.

मग राजा नदीपलीकडे गेला. सावळरायापुढे जंबिया भुईवर ठेवला. "आंबा चोखूनच खावा," राजा म्हणाला. सावळराय म्हणाला, "नाही रे दादा, कापूनही बरा लागतो." आणि त्यानं केवड्याचा वास कापून अर्धा दादाला दिला.

आता राहिली पोवळी. ते दोघं निदान रुसले तरी होते. हिला तर आठवतच नव्हतं! रुसलेल्याला मनवता येतं, विसरलेल्याला काय करायचं?

पोवळी अंगणात चाफ्याखाली बसली होती. नुकतं चांदणं पडलं होतं. राजा तिच्यासमोर मातीत बसला. त्यानं ती चंद्रकोरीसारखी सुरी खाली ठेवली, मूठ तिच्याकडे. सगळ्या महालात त्याला हीच जास्त आवडायची, बरं का.

पोवळी म्हणाली, "काका, एवढी छान सुरी मातीत का ठेवलीत?"

"हातात दिली की काहीतरी तुटतं, बाळा."

"तुमचं काय तुटलं?"

"मला कुणीतरी आबा म्हणायचं," तो म्हणाला. "ते तुटलं."

पोवळीला वाईट वाटलं. तिनं दोन्ही हातांनी सुरी उचलली आणि चांदण्याची एक वडी पाडली. अर्धी स्वतःला ठेवली, अर्धी त्या रडवेल्या काकांच्या तळहातावर ठेवली. मग त्या उजेडात तिला दिसलं. तिच्या छातीतून एक दोरा लोंबत होता. त्यांच्याही छातीतून एक लोंबत होता. पोवळी नीटनेटकी पोर. लोंबतं काही तिला खपायचं नाही. तिनं दोन्ही टोकं धरली. पुरेनात. तेव्हा राजा पुढे सरकला, अगदी गुडघ्याला गुडघा लागेपर्यंत. मग पोवळीनं गाठ मारली. वेणीच्या रिबिनीला मारतो तशी, एकावर एक.

आणि गाठ बसली तशी ती म्हणाली, "अहो आबा, किती उशीर! सुऱ्या निजायच्या राहिल्यात ना!"

त्यानं तिला खांद्यावर घेतलं. महालात दोन खुंट्या रिकाम्या होत्या, त्यांनाही पोवळीनं मखमल पांघरली. तिसरीवर आपली सुरी टांगली, तिच्यावर पांघरलं. "नीज गं बाई, नीज." राजाची हौस काही सुटली नाही हं, जित्याची खोड ती! पण पुढे नवी सुरी आली की आधी भुईवर. माती लागली नाही अशी एकही सुरी त्यानं घेतली नाही.

आणि ती गाठ? ती राहिलीच. पण दोऱ्याला गाठ मारली की दोरा आखूड होतो ना? म्हणून बापलेक आधी होती त्याहून जवळ आली.

तर नंदू, मघाशी पेरू कापताना तू हात पुढे केलास, आणि मी सुरी खाली ठेवली. फुगून बसला होतास ना? कळलं आता? ये, सरक असा जवळ. त्यांचं गोड झालं, आपलंही गोड होवो. चंद्र खिडकीत आलाय, त्यानं पांघरूण घातलंय. नीज रे बाळा, नीज.