सतरा खोट्या नोंदी

एकदा एका तालुक्याच्या गावी एक वृद्ध ग्रंथपाल होते. गावचे सार्वजनिक वाचनालय त्यांनी चाळीस वर्षे सांभाळले. पुढे वय झाले, डोळ्यांत मोतीबिंदू उतरला, तेव्हा त्यांनी हाताखाली एक शिष्या घेतली. ती या गावची सून, नाव शैलजा. पुस्तकांना क्रमांक कसे घालावेत, फाटलेली पाने खळीने कशी जोडावीत, वाचक तोंडाने काय मागतो आणि त्याला खरे काय हवे असते हे कसे ओळखावे, हे सारे ती त्यांच्यापाशी बसून शिकली. गाव त्यांना आप्पा म्हणे, म्हणून तीही आप्पाच म्हणे.

शिक्षण उत्तम चालले होते. पण सरस्वतीच्या घरीही चूल पेटावी लागते, आणि वाचनालयाची चूल सरकारी अनुदानावर पेटते. वर्षातून एकदा तपासणी अधिकारी येत, रजिस्टरे उघडून पाहत आणि वाचनालयाचा वर्ग ठरवीत. वर्ग टिकला तर वर्तमानपत्रे, वीज आणि शैलजाचे मानधन टिके. त्या वर्षी बातमी आली, की यंदा देवघेवीचे रजिस्टर बारकाईने पाहणार आहेत. पुस्तके घरी नेणारे वाचक कमी भरले तर वर्ग उतरणार. शेजारच्या गावात तसे झालेच होते. शैलजा मुद्दाम तिथे जाऊन आली. वाचनालयाला कुलूप होते आणि पुस्तके ग्रामपंचायतीच्या गोदामात खताच्या पोत्यांशेजारी रचली होती. तिने त्यातले एक उचलले, तर पुठ्ठा हातात आला आणि आतली पाने वाळवीच्या मातीसकट पायांवर सांडली.

तेव्हापासून तिच्या पोटात जी भीती बसली ती उठेना. वाचनालयात दुपारी चार म्हातारे वर्तमानपत्र वाचायला येत आणि पंख्याखाली डुलक्या घेत. कपाटांपाशी कोणी फिरकत नसे. दारात पाऊल वाजले की शैलजा मान वर करी, आणि दिसे तो कोणी पत्ता विचारणारा पाहुणा. घरी जेवताना, भाजी निवडताना, तिच्या डोळ्यांपुढे ते गोदामच येई. नवऱ्याने विचारले तर ती म्हणे, काही नाही, डोके दुखते आहे.

भ्यालेल्या माणसाला बुद्धी सुचते, पण ती वाकडी सुचते. तपासणीला आठ दिवस उरले असताना शैलजाने जुन्या सभासदांच्या नोंदवहीतून सतरा नावे निवडली. वर्षानुवर्षे न फिरकलेली, म्हणजे बोभाटा करायलाही न येणारी. प्रत्येकाच्या नावावर तिने एकेक पुस्तक लावले, तारखा मागेपुढे घातल्या, पेनेसुद्धा दोन वापरली. पण नुसते लिहून भागत नाही, ही या कामातली गोम आहे. रजिस्टरात पुस्तक बाहेर गेले असेल तर ते फळीवर दिसता कामा नये. म्हणून ती सतरा पुस्तके तिने मागच्या खोलीत रद्दीच्या गठ्ठ्यांखाली दडवली. आपल्याच घरात चोरी करायची आणि माल आपल्याच घरात पुरायचा, असला तो प्रकार.

आप्पांना अक्षर दिसत नव्हते, तरी त्यांची एक सवय सुटली नव्हती. आठवड्यातून एकदा, वाचनालय बंद करण्यापूर्वी, ते प्रत्येक फळीवरून हात फिरवीत. तपासणीला दोन दिवस उरले होते, त्या संध्याकाळी तो हात एके ठिकाणी थांबला.

"शैलजा, इथलं पुस्तक कोणी नेलं?"

"नेलंय एका सभासदानं."

हात पुढे सरकला, पुन्हा थांबला. खालच्या फळीवर गेला, तिथेही थांबला. 

"आठवड्याभरात एवढी पुस्तकं गेली? आनंद आहे," आप्पा खुर्चीत बसत म्हणाले. "कोणी कोणी नेली, नावं वाच बघू."

 तिने रजिस्टर उघडले. पहिली तीन नावे कशीबशी वाचली. चौथे नाव होते यशवंत सखाराम गुरव.

आप्पांनी हात वर करून तिला थांबवले. मग म्हणाले, "यशवंता जाऊन सहा वर्षं झाली. मी खांदा दिलाय त्याला."

 शैलजा परगावची, तिला हे ठाऊकच नव्हते. मग काही लपवण्यात अर्थ उरला नाही. गोदाम, वाळवी, सतरा नावे, रद्दीचे गठ्ठे, सगळे तिने रडत रडत सांगून टाकले. शेवटी म्हणाली, "खोडून टाकते आप्पा. आत्ताच्या आत्ता खोडते."

"रजिस्टरात खाडाखोड करायची नाही. पहिल्याच दिवशी सांगितलंय तुला. लिहिलंस ते लिहिलंस. आता ते खरं करून ये."

"म्हणजे?"

"दडवलेली पुस्तकं बाहेर काढ. ज्याच्या नावावर जे लिहिलं आहेस ते त्याच्या घरी नेऊन दे. आणि ते कसं लिहिलंस, हेही त्याला सांग. उद्याचा अख्खा दिवस आहे तुझ्यापाशी."

"गुरवांच्या घरीसुद्धा?"

"अक्षर तुझंच आहे ना?"

म्हातारपणी माणूस कठोर होतो म्हणतात, ते खोटे नाही, असे शैलजाला वाटले. याला शिक्षाच म्हणायचे. सतरा दारांत उभे राहून आपल्या तोंडाने आपली लबाडी सांगायची, तीही तपासणीच्या आदल्या दिवशी! सतरा तोंडे कोण बंद करणार? एकानेही साहेबांच्या कानावर घातले तर अनुदान जाईल, वाचनालय जाईल आणि सासरच्या गावात आपले तोंड दाखवायची सोय उरणार नाही. पण आप्पांचा शब्द मोडण्याचे धैर्यही तिच्यात नव्हते. सकाळी दोन पिशव्यांत पुस्तके भरून ती निघाली.

पहिलेच दार चौगुल्यांचे. साखर कारखान्यातून निवृत्त झालेले गृहस्थ, आवाज असा की तीन घरे ऐकू जावा. शैलजाने सांगितले ते त्यांनी शांतपणे ऐकून घेतले आणि मग भडकले.

"मला न विचारता माझ्या नावावर? अवो बाई, उद्या माझ्या नावावर कर्ज काढाल! साहेब येणार हाईत न्हवं? मी सोता येतो तिथं. त्यांच्या म्होरंच बोलतो."

"काका, चुकलं माझं. पुस्तक तरी परत द्या मग."

"ते ऱ्हाऊ दे हितंच. पुरावा हाय."

शैलजा रस्त्यावर आली आणि भिंतीला टेकून उभी राहिली. ज्याची भीती होती ते पहिल्याच दारात घडले होते. घरी निघून जावे, आजारी पडल्याचे सोंग घ्यावे, असे तिच्या मनात आले. पण पिशव्यांत सोळा पुस्तके होती आणि ती कुठे ठेवावीत हे तिला कळेना, म्हणून ती पुढच्या दारी गेली. कोणी हसले. एकाने ऐकून न घेताच दार लावले. त्याच्या उंबऱ्याशी पुस्तक ठेवून ती निघाली. एका मास्तरांच्या सुनेने पुस्तक उलटून पाहिले आणि म्हणाली, हे नको, स्वयंपाकाचे असले तर द्या. एकाने चहा पाजला, पण साहेबांना कळले तर काय होईल हेही तिखटमीठ लावून सांगितले. प्रत्येक दारात तेच शब्द उच्चारायचे होते आणि ते एकदाही सोपे झाले नाहीत.

गुरवांचे घर तिने शेवटी ठेवले होते. दार उघडले ते यशवंतरावांच्या बायकोने, सरूबाईंनी. "मी वाचनालयातून आलेय," शैलजा म्हणाली, आणि तेवढे ऐकूनच म्हातारीचा चेहरा पांढरा पडला.

"आलीस व्हय," त्या म्हणाल्या. "आज ना उद्या येशील म्हून जीव धाकातच व्हता माझा."

काही विचारण्याच्या आत त्या आत गेल्या आणि जुन्या लुगड्याच्या तुकड्यात गुंडाळलेले काहीतरी घेऊन आल्या. उलगडले तर वाचनालयाचे पुस्तक, शिक्का जसाच्या तसा.

"ह्यांनी आणलं व्हतं. वाचताना आजारी पडलं, ते उठलंच न्हाईत. आता दंड किती झाला आसंल, मला काय ठावं? सा वर्सं मी तुमच्या गल्लीनं गेले न्हाई बघ. बाजाराला जायचं तर देवळामागनं वळसा घालून जाते. कुनी दारात धरून इचारलं तर सांगू काय?"

शैलजा त्या पुस्तकाकडे पाहत राहिली. सकाळपासून ती साऱ्या गावाला भीत फिरत होती, आणि इथे एक बाई सहा वर्षे तिच्याच वाचनालयाला भीत होती. "मावशी, दंडबिंड काही नाही," ती म्हणाली. "अपराधी मी आहे." आणि या सतराव्या दारातही तितक्याच जड मनाने तिने सारे सांगितले.

सरूबाई उंबऱ्यावर बसल्या. "मेलेल्या मानसाच्या नावावर लिवलंस?"

"हो."

"आन मी जित्ती व्हते की घरात. माझ्या नावावर का न्हाई लिवलंस?"

शैलजा गोंधळली. "तुम्हाला वाचता येतं?"

"मला न्हाई येत. पर माझी सून बारावी शिकल्याली हाय. तिला कवा कुनी इचारलंय?"

दाराआड एक तरुण बाई पिठाने भरल्या हातांनी उभी होती. शैलजाने पिशवीतले पुस्तक पुढे केले, तेव्हा तिने आधी सासूकडे पाहिले आणि मग पदराला हात पुसून ते घेतले.  शैलजा नमस्कार करून निघाली.

दुसऱ्या दिवशी अकराला तपासणी अधिकारी आले. ऊन लागलेले, थकलेले गृहस्थ. शैलजाने त्यांच्यापुढे रजिस्टर ठेवले, आणि त्यांनी विचारण्याआधीच सतरा नोंदींवर बोट ठेवून सांगितले, की या आधी लिहिल्या आणि पुस्तके नंतर पोचवली.  आप्पा कोपऱ्यातल्या खुर्चीत बसून ऐकत होते. एवढ्यात दारात चौगुले उभे राहिले, काखेत ते पुस्तक. शैलजाने डोळे मिटून घेतले.

"साहेब, तक्रार लिवून घ्या," चौगुले गरजले. "ह्या बाईंनी माझ्या नावावर खोटं लिवलं, ही एक. आन दुसरी तिच्याहून मोठी. नऊ वर्सं मी हितं आलो न्हाई. पाय मोडून सा महिनं घरात पडलो व्हतो. ह्या वाचनालयातनं एकानं तरी इचारलं का, चौगुले का दिसत न्हाईत म्हून?"

अधिकाऱ्यांनी चष्मा काढून पुसला. "खोट्या नोंदी मी गावोगावी पाहतो, बाई," ते शैलजाला म्हणाले. "आपणहून सांगणारं कोणी भेटलं नव्हतं. पण शेरा मला मारावाच लागेल." आणि त्यांनी लिहिले: गंभीर त्रुटी. सहा महिन्यांनी फेरतपासणी. तोपर्यंत अनुदान स्थगित.

ते गेल्यावर चौगुले जरा वरमले. वर्तमानपत्रांचा खर्च तेवढा आपण करू म्हणाले, पुस्तकाचा दुसरा भाग कुठे आहे ते विचारले आणि तो घेऊन गेले. मग शैलजाचा बांध फुटला.

"आप्पा, माझ्यामुळं गेलं सगळं. तुम्ही मला गप्प बसू दिलं असतं तर निदान वर्ग टिकला असता. एवढी शिक्षा कशासाठी दिलीत?"

"शिक्षा नव्हे ती," आप्पा म्हणाले. "जायला मीच हवं होतं, पण डोळे नाहीत, म्हणून तुझे पाय मागितले. तू भ्यालीस याचा मला राग नाही, पोरी. तू कशाला भ्यालीस ते बघ. साहेब येणार, याची तुला भीती वाटली. यशवंताच्या घरून कोणी सहा वर्षं येत नाही, चौगुले नऊ वर्षं दिसले नाहीत, याची भीती तुला वाटली नाही, आणि मलाही वाटली नाही. उलट ते येत नाहीत म्हणूनच त्यांची नावं तुला सोयीची झाली. आपल्याला आपल्या माणसांची आठवण खोटं लिहिताना झाली, यापेक्षा वाईट शेरा साहेब कोणता मारणार होते? अनुदान थांबलं तर सरकारला अर्ज करता येतो. गावाला आपली गरज वाटेनाशी झाली, तर अर्ज कोणाकडे करायचा?"

 सहा महिने मानधनाशिवाय कसे काढायचे, आणि त्यानंतर काय, ही धास्ती शैलजाच्या मनातून गेली नव्हती. ती एवढ्याने जाणारही नव्हती. तिने रजिस्टर पुढे ओढले आणि त्या दिवशी आलेल्यांची नावे लिहिली. ती पाच होती, रोजचे चार म्हातारे आणि चौगुले, आणि पाचही खरी होती.

मग तिने शेवटचे कोरे पान उघडले. वर लिहिले: आज न आलेले. त्याखाली सभासद नोंदवहीतली नावे ती एकेक करून उतरवू लागली. पान भरले, पाठपान भरले, तरी नावे संपेनात. ती यादी पाहून ती भ्याली, साहेबांना भ्याली होती त्याहून अधिक. तिने पेन खाली ठेवले, पायात चपला घातल्या आणि पहिल्या नावाचे घर कोणत्या आळीत आहे, ते आप्पांना विचारले.