थांब न म्हणणारं गाव

खूप मागे, करंजघळला वीज नवीनच आली होती आणि म्हाताऱ्या बाया पेटलेल्या बल्बलाही हात जोडत होत्या, त्या दिवसांतली ही गोष्ट. सांगणारे बदलले तशी गोष्टही थोडीफार बदलली असेल. पण त्या गावात कुणालाही विचारा, शेवट सगळे एकच सांगतात.

करंजघळ हे डोंगराच्या घळीत दडलेलं गाव. वर माळावर एकच घर होतं आणि त्यात हैबती साळुंखे राहत. पलटणीत ते बिनतारी संदेशाच्या कामावर होते. सुरुंगात डावा पाय गुडघ्याखाली गेला, तेव्हा लाकडी पाय लावून घरी आले. लोकांना वाटलं, आता हा गडी पारावर बसून लढाया सांगणार. त्यांनी एकही लढाई सांगितली नाही. परीक्षा दिली, सरकारचा परवाना काढला, पुण्याच्या जुन्या बाजारातून पोतंभर मोडकं सामान आणलं आणि त्यातून संदेश धाडायचं नि ऐकायचं यंत्र उभं केलं. घराजवळच्या आंब्यापासून समोरच्या करंजापर्यंत तांब्याची तार ताणली. तेव्हापासून गाव त्यांना तारआबा म्हणू लागलं. टवाळ लोक म्हणत, आबा सदा तारेत असतात.

पण आबांनी दारूच्या थेंबाला कधी बोट लावलं नाही. त्यांना नाद एकच होता, लांबच्या माणसाशी बोलण्याचा. कानाला हेडफोनच्या वाट्या लावायच्या, बोटाने खटका दाबायचा, कट्ट-कडकट्ट करत आपलं नाव आकाशात सोडायचं आणि कोण ओ देतो ते ऐकत बसायचं. यात पैसा नाही की मानपान नाही. जगभर असे हौशी लोक आहेत आणि ते एकमेकांना न बघता एकमेकांचे होतात. बोलणं झालं की दोघंही एकमेकांना पोचेचं कार्ड धाडतात. आबांची भिंत अशा कार्डांनी भरली होती. कुठे बर्फाचा डोंगर, कुठे दीपगृह, कुठे नुसतीच एक हसरी मेंढी. एखादं नवं कार्ड आलं की ते लंगडत खाली गिरणीपर्यंत यायचे, कारण संध्याकाळी सगळं गाव गिरणीतच भेटायचं.

गिरणी तानूबाईची होती. नवरा गेल्यावर तिने ती एकटीने चालवली. तिची जीभ जात्यासारखी होती, खाली सापडलं त्याचं पीठच.

"तानूबाई, आज जपानातला मास्तर भेटला," आबा म्हणायचे. "तिकडं पाऊस हाय म्हणाला."

"मग मी काय करू? वाळवण आत घेऊ?"

बाया हसायच्या, आबाही हसायचे. तरी मास्तरने धाडलेलं बर्फाच्या डोंगराचं कार्ड तानूबाईने मागून घेतलं होतं आणि गिरणीत देवाच्या तसबिरीशेजारी चिकटवलं होतं. त्यावर पिठाची पुटं चढायची आणि ती ते रोज पदराने पुसायची.

अडचण एकच होती. फार लांबचा आवाज यायचा तो तिन्हीसांजेला. दिवस आणि रात्र यांच्या शिवेवर आकाशाची कवाडं जराशी उघडतात, असं आबा सांगायचे. अंधार पडला की ती बंद. आणि नेमक्या त्याच वेळी शेतावरून परतलेल्या बाया डबे घेऊन गिरणीत उभ्या असायच्या. गिरणीची मोटर सुरू झाली की आबांच्या कानात लाह्या फुटल्यासारखा तडतडाट व्हायचा आणि लांबचा माणूस त्यात बुडून जायचा.

शेवटी दोघांत एक ठरलं. आबांनी दारात आगगाडीच्या रुळाचा एक तुकडा टांगला. कुणी फार लांबचा भेटला की त्यांनी रूळ वाजवायचा, आणि तानूबाईने थोडा वेळ गिरणी बंद ठेवायची. सुरुवातीला गावाला याचं कौतुक वाटलं. गिरणीचा पट्टा थांबायचा, बाया गप्प व्हायच्या, आणि वर माळावर आबा कुठल्या तरी परमुलखाशी बोलतायत या कल्पनेनेच अंगावर काटा यायचा.

पण नाद तो नादच. हळूहळू रूळ रोज वाजू लागला. कधी रशियाचा कोणी, कधी आफ्रिकेतल्या बेटावरचा कोणी, आणि विषय काय, तर हवापाणी आणि तारेची लांबी. इकडे पोरं भुकेने रडायची आणि अर्धं दळण गिरणीच्या दगडांत अडकलेलं असायचं.

"आबा, तुमच्या रशियावाल्याचं जेवून झालं आसंल," एकदा तानूबाई तोंडावर म्हणाली. "आमच्या चुली थंड हायत."

आबा ओशाळले. दोन दिवस रूळ वाजला नाही. तिसऱ्या दिवशी पुन्हा वाजला.

मग तो दिवस आला. बैलांच्या सणाचा, बेंदराचा आदला दिवस होता, आभाळ भरून आलं होतं, आणि पोळ्यांच्या पिठासाठी गिरणीत पाय ठेवायला जागा नव्हती. दिवेलागणीला वर रूळ वाजला. तानूबाईचा हात सवयीने मोटरच्या खटक्यावर गेला. तिने रांगेकडे पाहिलं आणि हात मागे घेतला. म्हणाली, "सणाच्या आदल्या दिशी तरी जपान्याला दम निघू दे."

सगळ्या हसल्या. रूळ पुन्हा वाजला, घाईघाईने, वेडावाकडा. नंतर बंद पडला. तानूबाईला वाटलं, आबांना समजलं. तिला जरा बरंही वाटलं.

थोड्या वेळाने आबा स्वतः गिरणीच्या दारात उभे राहिले. लाकडी पाय उतारावर घसरला असणार, छातीपर्यंत चिखल होता.  बायांमधून वाट काढत पुढे आले आणि त्यांनीच खटका खाली ओढला. पट्टा फडफडत मंद झाला.

"तानू, माणूस बुडतोय," ते म्हणाले, आणि परत फिरले.

तानूबाई पिठाच्या हातांनी त्यांच्यामागे धावली. उतारावर तिने त्यांना खांदा दिला. घरात आल्याआल्या आबांनी वाट्या कानाला लावल्या. खटका दाबला, ऐकलं. पुन्हा दाबला, पुन्हा ऐकलं. यंत्रात तडतडाट राहिला नव्हता. खालची गिरणी बंद होती, गाव चिडीचूप होतं. आबा ऐकत राहिले आणि खिडकीतून दिसणारा उजेडाचा शेवटचा पट्टा विझून गेला. मग त्यांनी वाट्या काढून मांडीवर ठेवल्या.

"कवाड मिटलं," ते म्हणाले.

हळूहळू तिला सगळं समजलं. दूर दक्षिणेच्या समुद्रात एकटाच माणूस शिडाच्या लहान होडीत होता. होडीत पाणी शिरत होतं. तीन आखूड, तीन लांब, तीन आखूड अशी त्याची हाक आबांना ऐकू आली होती. त्या तिन्हीसांजेला ती दुसऱ्या कुणालाच ऐकू गेली नव्हती. त्याने आपला ठावठिकाणा सांगितला. अक्षांश, म्हणजे तो उत्तर-दक्षिण कुठे आहे ते कळलं, पण रेखांश, म्हणजे पूर्व-पश्चिम सांगताना गिरणीचा तडतडाट आडवा आला. त्याच्या नावाची पहिली दोन अक्षरं आली, पुढची गेली. आबांनी रूळ वाजवला, गिरणी बंद होईना. तेव्हा खाली जाण्याआधी, कुठल्याही सरावाच्या माणसाने केलं असतं तेच त्यांनी केलं. त्यांनी त्या माणसाला खुणेच्या भाषेत सांगितलं, थांब.

मग उरलं ते सगळं आबांनी केलं. शेजारच्या गावच्या पोस्टातून बंदराला तार केली. पण अर्ध्या ठिकाणाने जहाजांना समुद्रभर लांबलेली एक रेघ मिळाली, जागा मिळाली नाही. जहाजं गेली, फिरली आणि परत आली. गावात बेंदूर झाला, बैल सजले, पोळ्या झाल्या. तानूबाईने पोळीला हात लावला नाही.

काही दिवसांनी आबांच्या आफ्रिकेतल्या बेटावरच्या मित्राने त्यांना आकाशातूनच बातमी दिली. संध्याकाळी तानूबाई भाकरी घेऊन वर गेली तेव्हा आबा अंगणात बसले होते. तिने विचारल्यावर त्यांनी सांगितलं, पण तिच्याकडे न बघता.

"होडी सापडली मच्छीमारांना. अर्धी बुडालेली. तो बसल्या जागीच व्हता. कानाला वाट्या तशाच."

"यंत्र बंद पडलं आसंल त्याचं."

"न्हाई. बॅटरीत जोर व्हता."

तानूबाईला उमजेना. "मग त्यानं पुन्हा हाक का न्हाई मारली? दुसऱ्या कुणी तरी ऐकली असती."

आबांनी वर ताणलेल्या तारेकडे पाहिलं. "मी थांब म्हणालो व्हतो," ते म्हणाले.

तानूबाई तिथेच खाली बसली. आबांनी तिची समजूत काढली. रूळ रोज वाजवला तो मी, हौसेपायी वाजवला, तू कशी ओळखणार, असं ते म्हणाले. ते खरंच होतं. पण खटक्यावर गेलेला हात मागे घेतला तो आपण, हेही खरं होतं, आणि ते तिला जन्मभर पुरलं.

त्यानंतर रूळ कधी वाजला नाही. आबांनी जपानच्या मास्तरला ओ देणं सोडलं, कार्डं येणंही थांबलं. दर तिन्हीसांजेला ते यंत्रासमोर बसत आणि एकच खूण पुन्हा पुन्हा सोडत. लांब, आखूड, लांब. तिचा अर्थ, ऐकतोय, बोला. ज्याला थांब म्हटलं, त्याला आता बोल म्हणायचं राहून गेलं होतं. आणि खाली, रूळ वाजत नसताना, तानूबाई दिवेलागणीला आपणहून गिरणी बंद करू लागली.

गावाने आधी कुरकुर केली, मग आवाज चढवला. पाटील म्हणाले, आपण दुसरी गिरणी आणू.

"आणा की," तानूबाई म्हणाली. "तीबी या येळंला बंद ऱ्हाईल. मी दारात आडवी पडंन."

दुसरी गिरणी आली नाही.

पुढची वर्षं कशी गेली याच्या अनेक कथा आहेत. असं म्हणतात, त्या तारेवर तिन्हीसांजेला पाखरू बसत नसे. असं म्हणतात, आबांचा खटका वाजू लागला की गोठ्यातली गुरं रवंथ सोडून कान टवकारत आणि त्यांच्या गळ्यातली घंटा हलत नसे. एका वळवात वीज तारेवर पडली आणि तारेतून घरात उतरली. आबांचा हात कोपरापर्यंत काळा पडला. दुसऱ्या दिवशी दिवेलागणीला तोच हात खटक्यावर होता. यंत्रातले व्हॉल्व्हचे दिवे केव्हाच विझले होते, नवे मिळत नव्हते, तरी आबा बसतच. असं म्हणतात, विजेवाचून ती तार आपोआप गुणगुणायची.

आबा गेले तेही तिन्हीसांजेलाच. तानूबाई भाकरी घेऊन गेली, तर ते बसल्या जागी होते, कानाला वाट्या, बोट खटक्यावर. खालून माणसं आली. त्यांनी उचलायला हात घातला तेव्हा तानूबाई मध्ये आली. तिने आबांच्या कानांवरच्या वाट्या अलगद काढल्या आणि स्वतःच्या कानांना लावल्या. मग आबांचं बोट बाजूला करून तिने खटका दाबला. लांब, आखूड, लांब. तिला तेवढी एकच खूण येत होती, वर्षानुवर्षं ऐकून पाठ झालेली.

ती ऐकत उभी राहिली. माणसं पावसात ताटकळत होती. पार अंधार पडला, तेव्हा तिने वाट्या काढल्या. तिचा चेहरा पिठासारखा पांढरा झाला होता, असं म्हणतात.

कुणी तरी विचारलं, "काय ऐकलंस, तानूबाई?"

"अजून थांबलाय," ती म्हणाली. त्यापुढे मरेपर्यंत ती त्याबद्दल एक अक्षर बोलली नाही.

आज करंजघळला दोन गिरण्या आहेत, घरोघरी टीव्ही आहे, विहिरींवर मोटरी आहेत. दिवेलागणीला हे सगळं बंद होतं. लग्नाच्या वरातीतला बँड असला तरी गप्प होतो, गणपतीची आरतीही नंतर सुरू होते. मुक्कामाची एसटी वेशीवर आली की ड्रायव्हर इंजीन बंद करून स्टिअरिंगवर हात ठेवून बसतो. ज्या घराची पाळी असेल त्या घरातलं कुणी तरी माळावर जातं, आबांच्या जागी बसतं आणि खटका दाबतं. लांब, आखूड, लांब. त्या खटक्याला आता काहीच जोडलेलं नाही.

आणि त्या गावात हाक मारणाऱ्याला कुणी थांब म्हणत नाही. दूध उतू जात असलं, हात शेणाने भरलेले असले, तरी फोन कानाला लावून म्हणतात, "ऐकतोय, बोल." दूध जातं उतू. त्याचं कुणाला काही वाटत नाही.

नवी सून गावात येते तेव्हा पहिल्या संध्याकाळी तिला हे सगळं चमत्कारिक वाटतं. बोलता बोलता घर एकाएकी गप्प होतं, पंखा बंद होतो, पाळण्यातल्या पोराच्या ओठांवर कुणी तरी बोट ठेवतं. ती सासूला हळूच विचारते, काय झालं.

सासू माळाकडे बघत तिच्या कानाशी सांगते, "एकजण थांबलाय."