बासुंदीखालचं आकाश

“उरलेल्या पाव यंत्रावर पूर्ण ग्रहण सांगायचं! कधी लागणार आणि कधी सुटणार, दोन्ही! चुकलात तर वेधशाळेला कुलूप, आणि तुम्ही घरी!”

बोरवंडच्या उदयभान महाराजांनी भर दरबारात असं फर्मावलं आणि म्हातारे जोशीबुवा मटकन खालीच बसले.

बसतील नाहीतर काय! महाराजांच्या आजोबांनी डोंगरावर वेधशाळा बांधली होती. आकाश मोजायला चार मोठे पत्रे जोडून पुरुषभर उंचीचं तांब्याचं यंत्र केलं होतं. ग्रहणांचं सगळं गणित त्यावरच कोरलेलं, कारण कागदाला वाळवी लागते. तेव्हा दहा माणसं आकाश पाहायची. पुढे दरवर्षी खर्चाला कात्री लागत गेली. आता एकटे जोशीबुवा आकाश पाहत आणि उरलेले नऊ जण जोशीबुवांवर देखरेख करत!

यंदा अमावास्येला सूर्यग्रहण होतं. महाराजांच्या मनात आलं, आपल्या वेधशाळेचा डंका पिटावा. झालं! ‘नभोगौरव सोहळा’ ठरला. कमानी, ढोलताशे, हत्तीला नवी झूल, शेजारच्या राजाला आमंत्रण. ग्रहण लागताच एक तोफ, सुटताच दुसरी, की लगेच पंगत! पण पंगतीला तीन मोठ्या कढया कमी पडत होत्या. दिवाण आबाजीपंतांनी इकडेतिकडे नजर फिरवली, ती नेमकी यंत्रावर पडली.

“अहो पंत, वेधशाळेच्या सोहळ्यासाठी वेधशाळाच मोडता?” बुवा कळवळले.

“तारे काय पळून जातायत? पुढच्या वर्षी बघा! पाहुणे मात्र याच वर्षी जेवणार आहेत!”

तीन पत्रे त्याच दुपारी धोंडू तांबटाकडे गेले. धोंडूची लेक म्हाळसा लहानपणापासून ते यंत्र चिंचेनं घासत आलेली. घासता घासता बुवांनीच तिला आकडे शिकवले होते, त्यामुळे बुवांवर तिची फार माया. पत्रे ओळखून तिला रडूच फुटलं. मग डोळे पुसून ती बापाला म्हणाली, “बाबा, वितळवू नका. ठोकूनच कढया करा. कोरलेली बाजू बाहेर ठेवा, आतून कल्हई करा!”

कढया राजवाड्यात पोचल्या आणि मागोमाग महाराजांचं ते फर्मान आलं. बुवा धावत म्हाळसेकडे आले.

“अगं, ग्रहण लागायचं गणित उरलेल्या पत्र्यावर आहे. सुटायचं गेलं की! आणि मुदपाकखान्यात मला कोण शिरू देणार?”

“आज नाही देणार, बुवा. ग्रहणाच्या दिवशी देतील. भुकेला माणूस लवकर ऐकतो!”

अमावास्या उजाडली ती गच्च ढग घेऊन. सूर्याचा पत्ता नाही. तरी बुवांनी बोट वर केलं, तोफ उडाली, आणि खरंच, थोड्या वेळात भरदिवसा अंधारून आलं. “वाहवा!” सगळे ओरडले. महाराजांनी मिशीला पीळ दिला.

पुढे उजेड परतला, पण ढगांमुळे ग्रहण पुरतं सुटलं का ते कळेना. मग सगळे थांबले. ग्रहणात कुणी अन्नाला शिवायचं नाही. महाराज तर आदल्या रात्रीपासून उपाशी, आणि ते एरवी दोन घासांमध्येही काहीतरी चघळणारे! कढयांत तुळशीपत्र टाकून झाकलेली बासुंदी, तूप, दही. वास दरवळतोय. दुसरी तोफ काही उडेना.

पाहुणे राजे खवचटपणे म्हणाले, “उदयभानराव, आमच्याकडे वेधशाळा नाही बुवा! पण जेवण वेळेवर असतं!”

महाराज भडकले. “जोशीबुवा! ग्रहण सुटलं की नाही?”

बुवा कढयांकडे पाहू लागले. तेवढ्यात चिंचेचा गोळा हातात घेऊन म्हाळसा पुढे झाली.

“महाराज, ते बुवांना ठाऊक नाही. आपल्या बासुंदीला ठाऊक आहे.”

“काय बडबडतेस, पोरी!”

“यंत्राच्या तीन पत्र्यांच्या या कढया. सुटायचं गणित सगळ्यात मोठीच्या बुडाला आहे. पालथी घाला, मी घासून देते, बुवा वाचतील.”

आचारी छातीवर हात मारून ओरडला, “महाराज, ग्रहणात झाकण निघालं की सगळं टाकूनच द्यावं लागेल! चार घागरी दूध आटवलंय!”

“मग राहू दे,” म्हाळसा शांतपणे म्हणाली. “ग्रहण सुटल्याचं कळलं नाही तर उद्या सूर्य दिसेपर्यंत उपास धरायचा. आणि उद्याही असेच ढग असले, तर परवापर्यंत!”

महाराजांचा चेहरा पांढरा पडला. “म्हणजे आकाश पाहायचं तर बासुंदी सांडायची?”

“दोन्ही एकाच पत्र्यात मावत नाहीत, महाराज. गेल्या महिन्यात याच पत्र्यातलं आकाश सांडलं. तेव्हा आचारी कुठे ओरडला?”

महाराजांनी डोळे मिटले आणि हात हलवला. बासुंदी अंगणभर झाली! म्हाळसेनं काजळी घासली, आकडे लखलखले, बुवांनी बोटं मोजली आणि दचकून वर पाहिलं.

“महाराज… ग्रहण सुटून चांगल्या चार घटका झाल्या!”

“चार घटका! आणि आम्ही इथे फुकट उपाशी?”

आधी पाहुणे राजे हसले. मग महाराजांनाच असं हसू फुटलं की पगडी बासुंदीत पडली!

“पंत! तिन्ही कढया उद्याच ठोकून सपाट करा आणि यंत्राला जोडा! त्या नऊ जणांना बुवांकडे पाठ आणि आकाशाकडे तोंड करून बसवा! यापुढे ढोल-कमानींवरचा पैसा वेधशाळेला! आणि पोरी, तू तिथली दुसरी जोशी!” त्यांनी हातातलं सोन्याचं कडं काढून तिला दिलं.

“पण महाराज,” पंत चाचरले, “आता पंगतीला काय?”

“दह्याची कढई आहे ना? मग भिजवा पोहे!”

दुसरी तोफ उडाली, आणि दोन्ही राजे मांडीला मांडी लावून दहीपोह्यांवर तुटून पडले.