तिवरबेटाला तीन मालक

तिवरबेटाला धक्का नव्हता. होडी किनाऱ्याला लागायची ती गुडघाभर चिखलात. तिथून माणसं, मासळीच्या पाट्या, आजारी म्हातारे, सगळं खांद्यावर घेऊन खडकांवरून चढायचं. मागच्या वर्षी चांगुणा कोळणीच्या नवऱ्याचा, पदूचा पाय होडी आणि खडकाच्या मध्ये सापडला. तेव्हापासून तो काठी टेकत चालायचा आणि चांगुणा एकटी मासळी घेऊन बाजाराला जायची.

राजा भैरोजीने दवंडी पिटवली होती की शेत, रान, दर्या आणि बेटं यांच्या सुधारणेला खजिन्यातून मदत मिळेल. चांगुणा तीन वर्षं त्या मदतीच्या मागे होती.

शेतखात्याचे अंमलदार म्हणाले होते, "बेटावर झाडंच जास्त. ते रान आहे. रानखात्यात जा."

रानखात्याचे अंमलदार म्हणाले, "तुमची तिवराची झाडं खाऱ्या पाण्यात उभी. पाण्यात उभं असतं त्याला रान म्हणत नाहीत. दर्याखात्यात जा."

दर्याखात्याचे अंमलदार म्हणाले, "तुम्ही लोक नाचणी पेरता. मासे नाचणी पेरतात का? शेतखात्यात जा."

असे सहा फेरे झाल्यावर चांगुणा थेट दरबारात उभी राहिली.

राजा भैरोजी मनाचा वाईट नव्हता, पण हेकट होता. स्वतःच्या अंमलदारांची चूक कधी मान्य करायचा नाही. त्याने तिचं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "मी डोळ्यांनी पाहिल्याशिवाय दमडी देत नाही."

"मग या की महाराज. होडी तयार आहे."

"मला होडी लागते. पोटात ढवळतं."

"मग कसं पाहणार?"

राजाला तिचं उलट बोलणं झोंबलं. "बेटच इथं घेऊन ये," तो म्हणाला. "आठ दिवस देतो. नाही आणलंस, तर तिवरबेटाचा अर्ज कायमचा बंद."

दरबार हसला. तिन्ही अंमलदार जरा जास्तच हसले. चांगुणाने पदर खोचला आणि "बरं" म्हणून निघाली.

घरी पदूने कपाळावर हात मारला. "बेट काय पाटीत घालून नेणार आहेस?"

"आधी परवानगी तर काढते," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी ती शेतखात्यात गेली. "सरकार, राजांच्या हुकमाने तिवरबेट उचलून राजधानीला न्यायचंय. उद्यापासून खणायला घेतो."

अंमलदार ताडकन उभे राहिले. राजा हेकट, हे त्यांना ठाऊक होतं. बाई खरंच खणत सुटली, तर शेतं बुडाल्याचा ठपका उद्या आपल्याच खात्यावर यायचा. "तिथली नाचणीची शेतं कोणाला विचारून हलवणार? आमच्या हुकमाशिवाय चिमूटभर माती हलायची नाही. ते बेट शेतखात्याचं आहे."

"मग मी अडले म्हणायची. पण राजांना खरं वाटायचं नाही. लिहून द्याल?"

त्यांनी लिहून दिलं. वर दोन शिक्के मारले.

रानखात्यात तिला वाक्यही पुरं करावं लागलं नाही. "तिवराच्या एका मुळालाही हात लावायचा नाही," अंमलदार गरजले. "मूळ आमचं, फांदी आमची, सावली आमची. बेट रानखात्याचं." त्यांनीही शिक्का मारला.

दर्याखात्याचे अंमलदार सगळ्यांत हुशार. ते म्हणाले, "चारी बाजूंनी दर्या, म्हणजे मधलंही दर्याचंच. आणि बेट उचलल्यावर खाली जो खड्डा पडेल, तोसुद्धा आमचा." त्यांनी खड्ड्यासाठी वेगळा कागद दिला.

आठव्या दिवशी दरबार गच्च भरला. चांगुणा रिकाम्या हातांनी आत आली.

"बेट कुठाय?" राजाने विचारलं.

"निघणारच होतं महाराज, पण वाटेत अडवलं."

"माझ्या हुकमाला कोणी अडवलं?"

"तुमच्याच माणसांनी. लेखी अडवलंय." तिने कनवटीचे कागद काढून चिटणिसाच्या हातात दिले.

चिटणीस वाचू लागला. पहिला कागद संपेपर्यंत दरबार शांत होता. दुसऱ्याला कुजबुज सुरू झाली. तिसरा आणि खड्ड्याचा वाचून झाला, तोवर तिन्ही अंमलदार एकमेकांवर धावून गेले होते. शेतखातं म्हणे बेट माझं, रानखातं म्हणे माझं, दर्याखातं म्हणे तुम्ही दोघे आधी पाण्यातून बाहेर व्हा.

चांगुणा म्हणाली, "महाराज, तीन वर्षं आमच्या बेटाला मालक मिळत नव्हता. आता तीन मिळाले. कोणीही धक्का बांधून द्यावा, आमची हरकत नाही."

राजाला हसू येत होतं, पण हेका सुटेना. "मी पाहिल्याशिवाय देत नाही, सांगितलं होतं."

"तुमच्या वतीने या तिघांनी पाहिलंच असेल की. न पाहता शिक्का कोण मारेल?"

राजाने अंमलदारांकडे पाहिलं. तिघेही जमिनीकडे बघत होते. एकाचंही पाऊल कधी तिवरबेटाला लागलं नव्हतं, हे सगळ्या दरबाराला कळलं. मग राजा हसला, आणि असा हसला की पगडी सावरायला हुजऱ्याला धावावं लागलं.

"धक्का तिन्ही खात्यांनी मिळून बांधायचा," तो डोळे पुसत म्हणाला. "आणि बाई, तुला काय हवं? साडीचोळी, सोनं, माग."

"साडीचोळी द्या, नको म्हणत नाही," चांगुणा म्हणाली. "पण अजून एक. धक्का पुरा होईपर्यंत या तिघांनी दर आठवड्याला काम बघायला बेटावर यावं. भर ओहोटीला."

राजाने तिथल्या तिथे हुकूम लिहवला.

पहिल्या आठवड्यात शेतखात्याचे अंमलदार कमरेपर्यंत रुतले. दुसऱ्या आठवड्यात रानखात्याच्या अंमलदारांचे दोन्ही जोडे चिखलातच राहिले. तिसऱ्या आठवड्यात बेटावर आले ते दीडशे गवंडी, आणि महिना पुरा व्हायच्या आत पदू काठी टेकत कोरड्या पायांनी होडीत चढला.