नऊ खुणांचं घड्याळ

साडूच्या मनगटावरचं जुनं सोन्याचं घड्याळ पाहिलं आणि बार्शीच्या बापूसाहेब जाचकांच्या पोटात दुखू लागलं. जेवण गोड लागेना, कशात मन रमेना. शेवटी त्यांनी तसलीच दोन घड्याळं पसंतीसाठी मागवली आणि आपल्या ओट्यावर बसणाऱ्या म्हाताऱ्या इब्राहिम घड्याळजीपुढे ठेवली.

दोन्ही सारखीच, साठ वर्षांची. इब्राहिमनं मागची झाकणं उघडली. दुरुस्ती करणारा प्रत्येक कारागीर झाकणाच्या आत आपली बारीक खूण कोरून ठेवतो. एकात अशा नऊ खुणा होत्या, दुसरं कोरं करकरीत.

"साडूच्यात असले पाच ओरखडे आहेत, मी पाहिलेत," बापूसाहेब म्हणाले. "मला कोरंच हवं. तेच अस्सल म्हणून चारचौघांत सांग, नाहीतर उद्या ओटा रिकामा कर!"

इब्राहिम सावकाश म्हणाला, "बापूसाहेब, चालतं घड्याळ चार-सहा वर्षांनी उघडावंच लागतं. साठ वर्षांचा म्हातारा अन् अंगावर एक सुरकुती नाही, हे खरं कसं मानू? एकतर हे कधी चाललंच नाही, नाहीतर झाकण नवं बसवलंय. साडूंचं घड्याळ पाच जणांनी जपलं, हे नऊ जणांनी. आता साडूंच्या पुढं जायचं का मागं, तुम्हीच बोला."

बापूसाहेबांनी नऊ खुणांचं घड्याळ झडप घालून उचललं.

"मग ओटा रिकामा करू?" इब्राहिमनं विचारलं.

"खुळा का काय! बस खाली," बापूसाहेब खेकसले, "अन् दहावी खूण आत्ताच कोर. साडू उद्या सहावी करून आणायचा!"