हातभर दोरा

हत्यारांना वाचा होती, त्या काळची गोष्ट. डोहातली दांडगी मरळ सगळी बारकी मासळी गिळत होती. तिच्यासाठी तुळाजी भोयाने गळाला कोंबड्याची पिसं बांधून आमिषाला वीतभर नकली माशी केली. पण दोनदा ती पाणी पिऊन जड झाली आणि फेकताना पायाशीच पडली. आता रिळावर पिसं बांधायचा शेवटचा हातभर दोरा उरला होता.

"निम्मे जण उतरा रे, पाणी निथळू दे," दोरा पिसांना म्हणाला.

"काडीएवढा जीव, आणि आम्हाला शिकवतोय!" पिसं फिसकारली.

तुळाजीने पिसं पुन्हा बांधून गाठ ओढली तेव्हा दोऱ्याने निम्मीच पिसं आवळली. बाकीची गळून पडली.

फेकताच माशी सणसणत डोहाच्या मध्यावर गेली. पाण्यात ती विरळ पिसं अशी फुलली, की मरळीने गुबगुबीत मासा समजून झडप घातली. तुळाजीने तिला काठावर ओढलं.

"बघा, आमचा पराक्रम!" काठावर गळून पडलेली पिसं ओरडली.

मरळीच्या जबड्यात दोऱ्याची गाठ अजून घट्ट होती.